बालारुणचा तांबडा रंग

सोमवार, ता. ९ एप्रिल १९३४. रत्नागिरी

तांदळाच्या डब्यामागे बालारुणची बाटली सापडली. माझ्या घरात. अर्धी संपलेली.

उमाला विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, "शालूला तुमचं टॉनिक जात नाही. चमचा दिसला की ओकाऱ्या काढते. केशवभावजींचं ती मागून घेते."

औषधाच्या दुकानदाराची बायको पोरीसाठी समोरच्या दुकानातून औषध आणते! सबंध आळीला ठाऊक असणार. मलाच नव्हतं.

केशव आणि मी एका बाकावर शिकलो, मुंबईत एका खोलीत राहिलो, दुकानही मिळून काढलं. मोडलं ते रंगावरून. त्याचं म्हणणं, टॉनिक लालबुंद हवं, लोक औषध आधी डोळ्यांनी घेतात. माझं म्हणणं, औषधाला रंग कशाला? दोन वर्षं झाली. दुकानं समोरासमोर, बोलणं बंद. त्याचं बालारुण हातखंब्यापासून खेडपर्यंत पोरांच्या पोटात जातं. माझं टॉनिक गढूळ पाण्यासारखं दिसतं आणि फळीवर बसून राहतं.

जेवण गेलं नाही.

ता. १० एप्रिल

बाटली दुकानात नेली. काय शोधायचं ते ठरवलं नव्हतं. काहीतरी खोट निघावी एवढंच मनात होतं. इथे लिहायला काय हरकत आहे.

चमचाभर घेऊन त्यात धुण्याचा सोडा टाकला. किड्यांपासूनचं किरमिज असतं तर जांभळं व्हायला हवं. एकत्र होतो तेव्हा के. किरमिजच वापरायचा, महाग पडलं तरी. झालं नाही जांभळं. तांबडं ते तांबडंच.

ता. ११

पांढऱ्या लोकरीचा धागा त्यात उकळला. धुतला, चोळला, पुन्हा धुतला. रंग हलला नाही. म्हणजे डांबरातून काढलेला रंग. कापडाला लावतात तो.

आता हे मला नको होतं असंही नाही आणि हवं होतं असंही नाही. मुंबईच्या लॅबोरेटरीत असताना असल्या रंगाच्या पुड्या आमच्याकडे तपासायला यायच्या. कापडाच्या मालात सोमलाचं विष राहून जातं, कधी शिसं. कापडाला चालतं. कापड कोणी पीत नाही.

शालूचं पोट दुखतंय असं उ. परवा म्हणत होती. कैऱ्या खाल्ल्या असतील. या दिवसांत कोणत्या पोराचं दुखत नाही!

ता. १४ एप्रिल

सकाळपासून मागीलदारी. बालारुण आधी आटवलं, मग ॲसिडात जाळलं, रंग पार जाऊन पाणी स्वच्छ होईपर्यंत. रंग राहिला तर पुढचं काही दिसत नाही. धूर फार. उमाच्या अबोलीची पानं करपली. ती दारात उभी राहून बघत होती. मग करपलेली पानं खुडायला लागली.

शिशाचं काही दिसलं नाही. सोमलासाठी जस्त आणि ॲसिड घालून बाटली लावली. वर येणारा वायू रसकापराच्या पाण्यात भिजवलेल्या कागदावर जातो. सोमल असला तर कागद पिवळा पडतो.

पडला. चांगला पिवळा.

कागद उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. आनंद झाला की काय, मला सांगता येत नाही.

ता. १५

काल एक करायचं राहिलं. नुसतं जस्त आणि ॲसिड, दुसरं काहीच न घालता. आज तेही केलं.

तोही कागद पिवळा! फिका, पण पिवळा.

म्हणजे माझ्या जस्तातच सोमल आहे. जुना माल, कुठून घेतला आठवत नाही. दोन्ही कागद उजेडात शेजारी धरले. कालचा जास्त गडद आहे. आहे ना? उमाला दाखवले. ती म्हणाली, "दोन्ही सारखेच दिसतात मला." मग म्हणाली, "तुम्हाला केशवभावजींचं काही चांगलं बघवतच नाही."

बाटली तिने परत तांदळाच्या डब्यामागे ठेवली. माझ्यादेखत.

ता. १९ एप्रिल

पेठेतल्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. म्हणाले, "सोमल तर आम्हीही देतो. थेंब थेंब. अशक्त माणसाला टॉनिक म्हणून. तुमच्या दुकानातूनच जातो ना?"

जातो. फळीवर बाटली आहेच.

मी म्हटलं, "पण तुम्ही मोजून देता."

"मोजून, हो." मग म्हणाले, "बाकी तुमचंही एक टॉनिक आहे ना बाजारात?"

घरी न येता भगवती बंदरापर्यंत चालत गेलो. बोटीची वेळ नव्हती, बंदरावर कोणी नाही. परत आलो. पुन्हा निघालो. उ. म्हणाली, बसा की जरा.

ता. २२

आज तुलनेसाठी ठराविक प्रमाणाचे कागद केले. त्या डॉक्टरी सोमलाचंच पाणी पातळ करून, आणखी पातळ करून. ओळीने मांडले. बालारुणचा कागद कुठे बसतो ते बघायचं. पण खालून जस्ताचा पिवळा सगळ्यातच मिसळतोय. एकदा वाटतं बसला. पुन्हा बघावं तर नाही.

ज्याला खोट निघायला हवी आहे त्याच्या डोळ्यांवर कितपत भरवसा ठेवायचा?

मुंबईला लॅबोरेटरीतल्या जुन्या साहेबांना कार्ड टाकलं. सोमल नसलेलं जस्त पाठवा म्हणून.

ता. ६ मे

आजच्या बोटीनेही जस्त नाही. शालूचं पोट दोन दिवस बरं. काल पुन्हा दुखलं. उमाला म्हटलं, निदान जस्त येईपर्यंत ती बाटली बंद ठेव. ती म्हणाली, "आणि अंगावर मांस धरतेय पोर, ते?" खरंच धरतेय. गाल आलेत.

समोर के. गिऱ्हाइकांशी हसत होता. त्याचं हसणं रस्त्यापलीकडून ऐकू येतं.

ता. २१ मे

बोटी बंद व्हायला आल्या. आता पार्सल आलं तर कोल्हापूरवरून घाटाने, मोटारीने.

पलीकडे जाऊन केशवला सरळ सांगावं का? चार वेळा पायरी उतरलो. काय सांगू? तुझ्या रंगात विष आहे, पण माझ्या जस्तातही आहे?

ता. २ जून

खेडचा व्यापारी आला होता. आमच्या दोघांचा माल तोच तालुक्यात खपवतो. पावसामुळे अडकून बसला, चहा झाला. निघता निघता म्हणाला, "दत्तोपंत, डॉक्टरांच्या तिथे कानावर आलं. बालारुणात काय ते आहे म्हणे?"

मी म्हटलं, "अजून नक्की नाही."

तो म्हणाला, "बरं बरं." आणि माझं टॉनिक मागितलं. पूर्वी कधी मागितलं नव्हतं.

दिलं.

ता. ३ जून

"नाही" म्हणायला हवं होतं. नाहीतर "हो". "अजून नक्की नाही" हे खरं होतं, पण खरं बोलल्यासारखं वाटत नाही. दिवसभर उभाच होतो दुकानात. गिऱ्हाईक दोनदा विचारतंय आणि मी भलतंच काही काढून देतोय.

ता. २० जून

पार्सल नाही. घाटात दरड आली आहे म्हणतात. कागद दमट हवेने आपोआप तपकिरी पडतायत. डब्यात भाजलेली वाळू घालून त्यावर ठेवलेत. शालूला उ. अजून चमचा देते, मी घरात नसताना. मला कळतं. तिलाही कळतं की मला कळतं.

सोमवार, ता. ९ जुलै

केशव दुकानात आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. छत्री मिटलीही नाही, तशीच दारात उलटी टाकली.

"दत्त्या, माझ्या औषधात विष आहे असं खेडात सांगत सुटलायस?"

"मी सांगितलं नाही."

"मग काय सांगितलंस?"

"अजून नक्की नाही, एवढंच म्हटलं."

"म्हणजे तेच की रे! त्यापेक्षा हो म्हणाला असतास तर मी तुला कोर्टात तरी ओढला असता!" खेडचा माल परत आलाय त्याचा. सगळा.

गिऱ्हाइकं बघत होती. मी त्याला आत घेतलं, कागद दाखवले, जस्ताची गोष्ट सांगितली. तोही लॅबोरेटरीत वर्षभर होता माझ्याबरोबर, सगळं समजतं त्याला. कागद उलटेपालटे केले. म्हणाला, "यावरून तू कोणालाच फाशी देऊ शकत नाहीस."

"नाही."

"मग का बोललास?"

रंग कापडाचा का घेतलास, हे मी उलट विचारलं. तो म्हणाला, व्यापाऱ्याने खाण्याचा म्हणून दिला. डब्यावर तसं काही लिहिलंय का? म्हणाला, डब्यावर काहीच लिहिलेलं नाही.

जाताना दारात थांबला. "जस्त आलं की मला हाक मार. माझ्यासमोर कर. तू एकटा करशील ते मी मानणार नाही."

बरोबर आहे. मीही मानणार नाही.

ता. १८ जुलै

पार्सल आलं. साहेबांनी जस्त पाठवलं आहे, ॲसिडही. एका ओळीत खुशालीही विचारली आहे. समोर हाक मारली. "केशव!" आळीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

उद्या.

ता. १९ जुलै

सगळं नीट लिहून ठेवतो.

के. सकाळीच आला. रंगाचे दोन डबे घेऊन. एक माघात फोडलेला, संपत आलेला. दुसरा होळीनंतर फोडलेला, अर्धा. दोन्ही एकाच व्यापाऱ्याचे. पडवीत मांडामांड केली. उ. ने चहा आणून ठेवला आणि गेली नाही, खांबाला टेकून उभी राहिली.

पहिली बाटली नुसत्या जस्ताची. कागद पांढरा. कोरा पांढरा! मला रडू येईल असं वाटलं. के. म्हणाला, "हां, हे जस्त."

मग जुन्या डब्यातली पूड, जाळून. तासभर वाट पाहिली. के. सारखा उठून अंगणात जात होता. कागद पांढरा. फार तर किंचित मळकट.

तो माझ्याकडे बघून हसला. वाईट हसला नाही. मुंबईत पास झालो तेव्हाचं हसू.

मग दुसरा डबा. थोड्याच वेळात कडा पिवळी. मग मध्य. मग नारिंगीकडे. कोणालाच डोळे ताणावे लागले नाहीत.

के. खाली बसला. मग पुन्हा करायला लावलं. ॲसिड स्वतः ओतलं, पूड स्वतः घेतली. तसंच.

मी विचारलं, "कोणत्या बाटल्या या डब्यातल्या?"

तो म्हणाला, "कसं सांगू? जुना पुरेना म्हणून दोन्ही मिसळून वापरले. लेबलं सगळी एकच."

उमाने विचारलं, "केशवभावजी, चैत्रात मी नेली ती?"

त्याने मान हलवली. माहीत नाही.

ती आत गेली. तांदळाचा डबा सरकवल्याचा आवाज आला. बाटली आणून पडवीच्या कट्ट्यावर ठेवली, तळाला घोटभर उरलं होतं. म्हणाली, "किती चमचे झाले असतील हो?" मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. तिचा हात धरावासा वाटला. केशवसमोर धरला नाही.

ता. २० जुलै

तो घोटभर आज तपासला. पिवळा आहे. फिका. नव्या डब्याइतका मुळीच नाही. नाहीही नाही.

याने काय होतं? एवढ्याने? चमचाभर, अधूनमधून, इतके महिने? डॉक्टरांना पुन्हा विचारलं. आज त्यांनी माझ्या टॉनिकचा विषय काढला नाही. शालूला आणायला सांगितलं. डोळे, तळहात, पायाची कातडी बघितली. म्हणाले, काही दिसत नाही. "दिसत नाही म्हणजे नाही असं समजू का?" ते म्हणाले, "दिसत नाही असं समजा."

ता. २१

के. संध्याकाळी आला. बसला नाही.

"हे तुला, मला आणि वहिनींना ठाऊक आहे," तो म्हणाला. "तो डबा मी खाडीत टाकतो. पुढे किरमिज. गेलेला माल संपेल आपोआप. कोणाला काही झालेलं नाही अजून."

मी कागद गोळा करत राहिलो.

"बोल ना! एरवी बोलतोस की खेडच्या माणसांशी."

त्याने पडवीतून दोन येरझाऱ्या घातल्या आणि गेला. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर डबा केव्हाच खाडीत गेला असता, असं वाटतं. नक्की नाही.

ता. २३ जुलै

समोरचं दुकान बंद. कालही बंद होतं. त्याची बायको आली, म्हणाली, जेवत नाहीत, नुसते फिरतायत घरात. तुम्ही काय केलंत त्यांना?

ता. २४ जुलै

पहाटे फुटायच्या आत केशव अंगणात. डोक्यावर घोंगडी, हातात पिशव्या.

"चल, पूर्णगडला जायचं. माझा सगळ्यात जास्त माल तिथे जातो. खारवी लोक, पावसाळ्यात मासेमारीच्या होड्या बंद म्हणून सगळे घरी सापडतील."

मी म्हटलं, "मी कशाला?"

"तू एकटा गेलास तर म्हणतील दुकानदारीचा डाव आहे. मी एकटा गेलो तर माझ्याच्याने सांगवणार नाही. परत येईन तसाच."

डबा कुठे, ते विचारलं. म्हणाला, घरी आहे, कुलपात. टाकला नाही.

उमाने दोघांना पेज वाढली. त्याच्या पानात मेतकूट जास्त घातलं.

ता. २५ जुलै. पूर्णगडहून परत

काल भाट्याची खाडी तरीने ओलांडून पावस गावापर्यंत मिळेल त्या गाडीने, पुढे चालत. पावसाने झोडपलं. वाटेत बोललो ते जुनंच, मुंबईचं. खोलीतला स्टोव्ह, खाणावळीतली आमटी. दोन वर्षांत न बोललेलं काहीच निघालं नाही.

गावात पहिल्या घरी के. ने तोंड उघडलं आणि थांबला. मी मदत केली नाही. मुद्दाम नाही, मलाही सुचेना. मग त्याने एकदम सांगितलं: "माझ्या औषधात वाईट रंग आला. मला माहीत नव्हतं. घेऊ नका. बाटल्या परत द्या." त्यापुढच्या घरी जरा नीट सांगितलं. पुढे सवय झाली, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

काहींनी निमूट दिल्या. एकाने शिव्या दिल्या, आणि पिशवीत टाकता टाकता त्याची बाटली फुटली. चिऱ्याच्या पायरीवरून लाल ओघळ वाहून गेला. बरेच जण देईनात. एक बाई म्हणाली, "येवडं बरं झालं पोर, आन आता न्यायला आलाव?" मांडीवरचं पोर खरंच गुटगुटीत. तिने आमच्यादेखत बूच लावून बाटली कोनाड्यात मागे सरकवली. केशवने हात जोडले. नाही म्हणजे नाही.

शेवटच्या घरी म्हातारी आणि तिची नात. मुलगा सून मुंबईला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, न विचारता बाटली आणून दिली. अगदी थोडी उरली होती. मग नातीला जवळ घेऊन केशवला विचारलं, "चैतापासना घेतंय ह्ये. आता बंद केलं, तं आत गेलेलं जाईल न्हवं भायेर?"

केशवने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "हो आजी. जाईल."

ती म्हणाली, "बरं झालं बाबा." आम्हाला शहाळी काढून दिली.

रात्र पावसला काढली. आज परत येताना भाट्याला तरीत बसलो. पिशव्या पायाशी, बाटल्या एकमेकींवर वाजतायत. पाऊस उघडला होता. के. पाण्याकडे बघत होता. मधोमध आलो तेव्हा म्हणाला,

"दत्त्या, खरंच जाईल?"

मी पिशव्या पायांत घट्ट धरल्या. तरीवाल्याने दोर टाकला, उतरलो.

शालू अंगणात होती. दोघांनी तिला उचलून घेतलं, आधी त्याने.

उद्या गावखडी. मग हातखंबा. खेडला कोणी जायचं ते अजून ठरलेलं नाही.